विश्लेषण : जिओकॅशिंगचा डबा जमिनीत पुरावा का?

जीपीएसच्या मदतीने कोणीतरी लपवलेला डबा शोधायचा, हा ‘जिओकॅशिंग’चा खेळ. तो मे २००० मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात सुरू झाला. पहिली बादली अर्धवट पुरलेली होती. आज मात्र खेळाच्या नियमांनुसार खणून डबा पुरता येत नाही.

नालासोपाऱ्यात धोका काय?
येथील ‘बुरुड राजाचा कोट’ ही टेकडी पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये खणली. आत बौद्ध स्तूप आणि त्याच्या पोटात दगडी पेटी निघाली. वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती, यावरून तिचा काळ ठरवता येतो. हौशी कुदळीने थर विस्कटले, की हा पुरावा कायमचा जातो.

कायदा काय सांगतो?
हा स्तूप केंद्र संरक्षित आहे. १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात परवान्याविना उत्खनन करता येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत १० रुपयांहून अधिक मूल्याचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

मग डबा ठेवायचा कुठे?
स्मारकापासून दूर, जागामालकाच्या परवानगीने, जमिनीच्या वरच. रेल्वे स्थानक परिसर टाळावा. तिथे बेवारस डबा दिसला, तर पोलिसांची धावपळ ठरलेली.