हात वर जात नाही, वाकता येत नाही? स्वयंपाकघराची मांडणी अशी बदला

गुडघ्यांची झीज, आखडलेला खांदा, पक्षाघात, पार्किन्सन्स किंवा खुब्याची शस्त्रक्रिया, कारण कोणतेही असो, स्वयंपाक करण्याची सवय आणि इच्छा सहसा कायम असते. अडचण येते ती सामान काढताना. साखरेचा डबा वरच्या फळीवर असतो, कुकर ओट्याखाली मागे असतो. मग स्टूल ओढले जाते. उतारवयात हाडे ठिसूळ झालेली असतात. स्टुलावरून पडून खुब्याचे हाड मोडले तर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करावी लागते आणि अनेकांना नंतर पूर्वीसारखे चालता येत नाही. म्हणून रोज लागणारे सामान हाताच्या टप्प्यात आणणे हा उपचाराचाच भाग समजा.

हाताचा टप्पा कसा ठरवाल?

ओट्याजवळ नेहमीसारखे उभे राहा. टाचा न उचलता आणि खांदा न दुखता हात जिथे पोहोचतो तिथे खडूने खूण करा. कंबरेत न वाकता हात खाली जिथे पोहोचतो तिथे दुसरी खूण करा. या दोन खुणांमधला पट्टा तुमचा. व्हीलचेअर वापरत असाल तर बसूनच मोजा. बसून मोजल्यास अनेकांच्या बाबतीत हा पट्टा जमिनीपासून साधारण ४० ते १२० सेंटिमीटर असतो.

काय कुठे ठेवाल?

• रोजचे: मिसळणाचा डबा, मीठ, चहा, साखर, कणीक, तांदूळ, तवा, पातेली याच पट्ट्यात ठेवा, तीही पुढच्या रांगेत.
• जड: मिक्सर आणि कुकर ओट्यावरच राहू द्या. पीठ-तांदूळ मोठ्या डब्यातून एक-दोन किलोच्या डब्यांत काढून ठेवा. भरलेला गॅस सिलिंडर सुमारे ३० किलोचा असतो, तो स्वतः हलवू नका.
• क्वचित लागणारे: सोऱ्या, पुरणयंत्र, पाहुण्यांची ताटे माळ्यावर चालतील. मात्र ती दुसऱ्या कोणीतरी काढून द्यावीत.
• शेगडीच्या मागे किंवा वर काहीही ठेवू नका. ज्योतीवरून हात नेताना पदर किंवा बाही पेट घेऊ शकते.

त्रासानुसार काळजी

• खुब्याची शस्त्रक्रिया: सर्जनने खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवू नका असे सांगितले असेल, तर तेवढे आठवडे खालचे खण वापरू नका.
• बोटांचा संधिवात: घट्ट बसणाऱ्या झाकणांऐवजी सैल झाकणाचे हलके डबे घ्या. ट्रॉलीला गोल बटणाऐवजी चारही बोटे आत जातील अशी कडी लावा.
• पक्षाघात: काही रुग्णांचे, नजर चांगली असूनही, डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. त्यांच्या डावीकडे सुरी किंवा गरम भांडे ठेवू नका.
• चक्कर: मान मागे टाकून वर पाहताना किंवा वाकून उठताना चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा. रक्तदाबाची औषधे तपासून घ्यावी लागतात.
• वॉकर: दोन्ही हात गुंतलेले असतात. भांडे ओट्यावरून सरकवत न्या. गरम भांडे हातात घेऊन चालू नका.

घरच्यांसाठी

मांडणी परस्पर बदलू नका. वर्षानुवर्षे ज्यांनी हे स्वयंपाकघर चालवले त्यांना हळदीचा डबा शोधावा लागला, तर तिथे वावरणेच त्यांना नकोसे होते. त्यांना खुर्चीवर बसवा, एकेक वस्तू दाखवा आणि जागा त्यांनाच ठरवू द्या. आठवडाभराने पुन्हा विचारा, काय अजून लांब पडते? खोल कपाटात फिरते ताट किंवा पुढे ओढता येणारी टोपली ठेवली तरी बराच फरक पडतो. ओटा फोडायची गरज सहसा पडत नाही.

ताबडतोब मदत कधी घ्यावी?

पडल्यावर जांघेत दुखत असेल किंवा पाय टेकवता येत नसेल तर रुग्णाला उभे करण्याचा प्रयत्न करू नका, रुग्णालयात न्या. हात अचानक उचलता येईनासा झाला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. वाट पाहू नका, १०८ वर फोन करा.