रशियन शिकताना पडणारे प्रश्न

डॉक्टर होण्यासाठी महाराष्ट्रातून बऱ्याच मुली रशियाला जातात. वर्गातलं शिकवणं इंग्रजीत असलं, तरी तिथल्या दवाखान्यातली आजी आपलं दुखणं रशियनमध्येच सांगणार. ते कळलं नाही, तर उपचार कसा करणार? गोव्यात मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर माल विकणाऱ्या बायकांनाही रशियन गिऱ्हाईक भेटतं. म्हणून शिकणाऱ्यांना हमखास पडणारे चार प्रश्न आज आपण घेऊ.

पहिला प्रश्न : लिहितात एक आणि बोलतात दुसरं, असं का?

रशियन शब्दात एका ठरावीक जागी जोर असतो. 'ओ'वर जोर नसला, की त्याचा 'अ' किंवा 'आ'सारखा उच्चार होतो. डोक्याला लिहितात 'गोलोवा', म्हणतात 'गलवा'. जोर शेवटच्या 'वा'वर. दुधाला लिहितात 'मोलोको', म्हणतात 'मलको'. जोर चुकला तर अर्थही बदलतो. 'प्लाचू' म्हणताना 'प्ला'वर जोर दिला तर 'मी रडते', 'चू'वर दिला तर 'मी पैसे देते'. 'मुका'मध्ये 'मु'वर जोर दिला तर यातना, 'का'वर दिला तर पीठ. वर्तमानपत्रात ही जोराची खूण छापत नाहीत. म्हणून नवा शब्द वहीत लिहिताना खूण आपणच करायची.

दुसरा प्रश्न : लिंग कसं ओळखायचं?

मराठीसारखीच तिथेही तीन लिंगं आहेत. शब्दाच्या शेवटी व्यंजन असेल तर बहुधा पुल्लिंग, 'आ' असेल तर स्त्रीलिंग, 'ओ' असेल तर नपुंसकलिंग. मात्र हे लिखाणावरून ठरवायचं. 'ते दूध' तिथेही नपुंसकलिंगी, पण डोकं तिथे स्त्रीलिंगी. भूतकाळात आपण जसं 'वाचत होतो' आणि 'वाचत होते' म्हणतो, तसं तिथे पुरुष 'या चिताल' म्हणतो आणि बाई 'या चिताला'. सर पुरुष असतील, तर मुलींनी त्यांचं वाक्य जसंच्या तसं उचलू नये.

तिसरा प्रश्न : विभक्ती पाठ कशा होणार?

शाळेत आपण आठ विभक्ती शिकलो, तिथे सहाच आहेत. 'चांगला मुलगा', 'चांगल्या मुलाला' असं विशेषण बदलण्याची आपल्याला सवय आहेच. फक्त तिथे विशेषणाची रूपं जास्त आहेत. नुसते तक्ते घोकण्यापेक्षा कामाची वाक्यं अख्खी पाठ करावीत. 'उ मिन्या बलीत गलवा' म्हणजे 'माझं डोकं दुखतंय'. 'या व्राच' म्हणजे 'मी डॉक्टर'. इथे 'आहे' लावत नाहीत.

चौथा प्रश्न : कुणाला काय म्हणायचं?

'ती' म्हणजे तू आणि 'वी' म्हणजे तुम्ही. यातली 'ई' आपली नव्हे. ओठ 'ई'सारखे ताणायचे आणि जीभ मागे घ्यायची. वडीलधाऱ्यांना, रुग्णांना आणि अनोळखी माणसांना 'वी'च म्हणायचं. मान द्यायचा तर नावापुढे वडिलांचं नाव येतं. इवानची मुलगी आन्ना असेल, तर 'आन्ना इवानोवना'. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव बहुधा बदलतं. तिथे मात्र लग्न झालं तरी वडिलांचंच राहतं.

तुमच्या गटातली कुणाची लेक, सून रशियाला जायच्या तयारीत असेल, तर तिला आतापासूनच रोज थोडा वेळ मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही समोर बसून ऐका. तिने खूण केली तिथेच जोर येतो का, एवढं तर आपल्यालाही कळतं.