संगणकाचा कूलर : निवड व निगा

विदर्भात ‘कूलर’ म्हटले म्हणजे खिडकीला लावलेली, वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांची, पाण्यावर चालणारी पेटी डोळ्यांपुढे उभी राहते. ही पेटी बाहेरच्या हवेहून थंड हवा घरात सोडते. डेस्कटॉप संगणकाच्या प्रोसेसरवर बसविलेल्या साधनासही कूलर हेच नाव रूढ आहे. परंतु त्याचे कार्य अगदी निराळे. ते थंडावा निर्माण करीत नाही. प्रोसेसरमध्ये उत्पन्न झालेली उष्णता भोवतालच्या हवेत नेऊन सोडते, इतकेच. सबब प्रोसेसर त्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. हा मुद्दा ध्यानी घेतल्यास निवडीचे बहुतेक प्रश्न सोपे होतात.

प्रोसेसर घेत असलेली वीज जवळजवळ सर्वच उष्णतेत परिणत होते. इंटेलच्या २०२२ मधील कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरची मूळ शक्ती १२५ वॅट, तर कमाल शक्ती २५३ वॅट आहे, आणि त्याची तापमानमर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. कूलरची योग्यता एका संख्येने व्यक्त करता येते : दर वॅटमागे प्रोसेसरचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा किती अंशांनी चढते. समजा, ही संख्या ०.३ आहे व प्रोसेसर २०० वॅट घेत आहे. तर चढ ६० अंशांचा होईल. कॅबिनेटमधील हवा २५ अंश असता प्रोसेसर ८५ अंशांवर राहील. तीच हवा ४२ अंश झाली की हिशोब १०२ वर जाईल. म्हणजे जानेवारीत पुरेसा ठरलेला कूलर मे महिन्यात अपुरा पडतो.

मर्यादा गाठताच प्रोसेसर जळत नाही. तो आपली वारंवारता उतरवितो आणि काम मंदावते. याची सूचना पडद्यावर बहुधा उमटत नाही. ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण वा मोठ्या भाषासंग्रहावरील प्रक्रिया दिवसच्या दिवस चालते, तेव्हा उत्तर बदलत नाही, वेळ मात्र वाढतो. याहून गंभीर बाब अशी की, एक पद्धती सकाळी व दुसरी भर दुपारी चालवून त्यांच्या वेगांची तुलना केल्यास तो निष्कर्ष पद्धतींविषयीचा न राहता तापमानाविषयीचा ठरतो. म्हणून अशा मोजणीबरोबर प्रोसेसरचे तापमान व वारंवारता यांचीही नोंद ठेवणे अगत्याचे आहे.

आता निवडीविषयी. ६५ वॅटच्या प्रोसेसरला त्याच्यासोबत येणारा लहान कूलर सामान्यतः पुरतो. १२५ वॅटच्या आसपास १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घ्यावा. त्याच्या तांब्याच्या हीटपाइपमधील द्रव तळाशी बाष्प होतो, वर पत्र्यांजवळ निवून पुन्हा द्रव बनतो व खाली परततो. त्याहून अधिक शक्तीसाठी दोन टॉवरांचा किंवा लिक्विड कूलर योग्य. मात्र लिक्विड कूलरदेखील अखेरीस उष्णता खोलीतल्या हवेतच सोडतो; शिवाय त्यात पंप हा बिघडू शकणारा आणखी एक भाग असतो. खरेदीपूर्वी मदरबोर्डाचे सॉकेट व कॅबिनेटमधील उंची पडताळावी. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा कूलर १६५ मिलिमीटर उंच असून पुष्कळ कॅबिनेटांत तो मावत नाही.

उत्तम कूलरही कोंडलेल्या हवेत निष्प्रभ होतो. पुढून हवा आत यावी व मागून आणि वरून बाहेर जावी, अशी पंख्यांची योजना असावी. कॅबिनेट भिंतीला चिकटवून अथवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नये. धूळ पत्र्यांमधील वाट बुजविते. यास्तव उन्हाळ्यापूर्वी संगणक बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून, ती फुंकून काढावी. कूलर काढल्यास जुनी थर्मल पेस्ट पुसून नवीन पातळ थर द्यावा. पेस्ट सूक्ष्म फटींतील हवा हटविण्यापुरतीच असते; जाड थर उष्णतेला अडथळाच करतो.

ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकाला आणखी एक विचार करावा लागतो, तो आवाजाचा. पंख्याचा वेग दुप्पट केल्यास आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. मराठीतील घ, ध, भ किंवा म्ह, न्ह यांतील महाप्राणत्व श्वासाच्या मंद घर्षणातून व्यक्त होते. पंख्याचा घोष नेमका त्यावरच पसरतो आणि मुद्रणानंतर तो निखळपणे वेगळा करता येत नाही. म्हणून मुद्रणासाठी अल्प विजेचा प्रोसेसर, मोठा कूलर व संथ फिरणारा रुंद पंखा असा संच घ्यावा. शक्य तर संगणक शेजारच्या खोलीत ठेवावा.

सारांश, कूलरची निवड प्रोसेसरच्या वॅटवर जितकी, तितकीच खोलीच्या उन्हाळ्यातील तापमानावर व संगणकाकडून घ्यावयाच्या कामावर अवलंबून असते. खरेदीचा हिशोब मे महिन्यातील दुपार धरून करावा.