‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ : चाचणी-लायब्ररीतील जुळणीचे निकष व अपयशाचे निवेदन

तुलना ही तौलनिक साहित्याभ्यासाची मूलभूत कृती होय. तथापि दोन पाठ ‘एकच’ आहेत असे आपण कोणत्या निकषावर म्हणतो, हा प्रश्न त्या अभ्यासात दरवेळी उघडपणे मांडला जातोच असे नाही. संगणकीय आज्ञावली रचणाऱ्यांना मात्र तो रोज सोडवावा लागतो. आणि मराठी ग्रंथ आता अंकीय स्वरूपात सिद्ध होत असल्याने तो आपल्याही दारी आला आहे. घटक-चाचणीच्या लायब्ररीत जुळणीचा निकष कसा रचतात आणि चाचणी फसल्यावर तिने अभ्यासकाला काय सांगावे, याचा विचार प्रस्तुत लेखात देवनागरी पाठांच्या अनुषंगाने केला आहे.

१. निकष आणि निवेदन

आज्ञावलीचा एक लहान भाग वेगळा काढून, त्याला ठरावीक सामग्री दिली असता अपेक्षित फल मिळते की नाही हे आपोआप तपासणारी दुसरी आज्ञावली म्हणजे घटक-चाचणी. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी रचलेली एसयुनिट आणि त्यांनी एरिक गामा यांच्यासह १९९७ मध्ये जावा भाषेसाठी सिद्ध केलेली जेयुनिट यांनी ही पद्धती रूढ केली. तिच्या अगदी साध्या रूपात चाचणी केवळ ‘खरे’ किंवा ‘खोटे’ एवढेच सांगते. हा कारणे न देता दिलेला निकाल होय. पुढच्या पायरीवर ती अपेक्षित मूल्य व मिळालेले मूल्य शेजारी मांडते. तिसरी पायरी मॅचरची, म्हणजेच स्वतंत्र वस्तू म्हणून रचलेल्या जुळणी-निकषाची. हॅमक्रेस्ट ही या प्रकारची लायब्ररी २००७ मध्ये जेयुनिटच्या ४.४ या आवृत्तीशी जोडली गेली. तिच्यातील प्रत्येक मॅचरची तीन कर्तव्ये असतात : जुळते की नाही हे ठरवणे, आपली अपेक्षा शब्दांत सांगणे आणि न जुळल्यास काय आढळले ते सांगणे. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांनी लहान निकष जोडून मोठा निकष घडवता येतो व त्याचे वर्णनही घटक-निकषांच्या वर्णनांतूनच आकारते. निकष आणि त्याचे निवेदन यांची अशी फारकत टाळणे, हे या रचनेचे मर्म आहे.

२. देवनागरीची कसोटी

‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. मराठी वाचकाला हा भेद सहज दिसतो. युनिकोडमध्ये मात्र एकट्या ‘दऱ्या’ची किमान तीन लेखने संभवतात. पहिल्यात ऱ (०९३१) हे एकच चिन्ह असते. दुसऱ्यात र (०९३०) आणि नुक्ता (०९३सी) अशी दोन चिन्हे असतात. तिसऱ्यात र, हलन्त चिन्ह आणि डोळ्यांना न दिसणारा शून्यरुंदीचा जोडक (२००डी) असतो. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरण-नियमांनी पहिली दोन एकरूप होतात, तिसरे होत नाही. म्हणून चिन्हागणिक तुलना करणारा निकष ‘अपेक्षित दऱ्या, मिळाले दऱ्या’ असे निवेदन करतो, आणि वाचणारा चक्रावून जातो.

यावर उपाय म्हणून सैल निकष वापरला, तर धोका उलट दिशेने येतो. दिल्लीसारख्या बहुभाषिक विद्यापीठीय परिसरात हिंदी आणि मराठी पाठ एकाच संचात ठेवले जाणे स्वाभाविक आहे. हिंदीत ‘ज़’ आणि ‘ज’ यांतील नुक्त्याचा भेद लेखनात अनेकदा पाळला जात नाही. त्यामुळे हिंदी शोधासाठी नुक्ता गाळणे समर्थनीय ठरते. ल्युसीन या मुक्तस्रोत शोध-लायब्ररीतील हिंदीसाठीचा सामान्यीकरण-घटक नुक्ता आणि जोडक दोन्ही काढतो व ऱ चा र करतो. हाच निकष मराठीला लावला की तिन्ही लेखनांतील ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. ‘आचाऱ्यास’ दिलेले ‘आचार्यास’ पोचते. चाचणी मात्र यशस्वी ठरते. खोटे अपयश निदान लक्ष वेधून घेते. खोटे यश निमूटपणे संग्रहात शिरते.

अनुस्वाराचे उदाहरणही असेच बोलके आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. जुन्या ग्रंथांतील ‘नांव’ आणि नवे ‘नाव’ शोधासाठी एकच मानावेत. संहिता-संपादनासाठी मात्र ते भिन्नच राहिले पाहिजेत. त्यातही सर्वच अनुस्वार सरसकट गाळले तर ‘मंद’चा ‘मद’ होतो.

निवेदनाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जेयुनिटच्या चौथ्या आवृत्तीत दोन अक्षरमालांतील भिन्न भाग चौकटी कंसात दाखवण्याची सोय आहे. परंतु ती चिन्हांवर चालते, अक्षरांवर नाही. त्यामुळे कंस ‘ऱ्या’च्या मधोमध पडतो व हलन्त चिन्ह निराधार होते. देवनागरीसाठीच्या मॅचरने फरक पूर्ण अक्षराच्या सीमेवर दाखवावा, आणि चिन्हांचे संकेतांक स्वतंत्रपणे द्यावेत. उदाहरणार्थ : ‘निकष : ऱ ची तिन्ही लेखने समान. अपेक्षित : दऱ्या. मिळाले : दर्या. फरक : दुसरे अक्षर, ऱ (०९३१) च्या जागी र (०९३०).’

३. पाठचिकित्सेचा दाखला

साहित्याभ्यासकाला हे निवेदन अपरिचित वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वर सिद्ध संहिता व खाली हस्तलिखितांच्या संकेतचिन्हांसह पाठभेद अशी मांडणी आहे. वि. सी. सुकथनकर यांनी १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत आपली निवडीची तत्त्वे सविस्तर मांडली. ज्या पाठाबद्दल पुरेशी खात्री नाही त्याखाली नागमोडी रेषा दिली. संपादकाचा निर्णय अमान्य करण्यासाठी लागणारी सामग्री त्याच पानावर वाचकाच्या हाती ठेवणे, हे या पद्धतीचे मोठेपण आहे.

चांगल्या मॅचरकडून हीच अपेक्षा आहे. चाचणी फसते तेव्हा दोष पाठात असेल, आज्ञावलीत असेल किंवा खुद्द निकषात असेल. निवेदन वाचून या तिन्ही शक्यता पडताळता आल्या पाहिजेत. कोणते भेद भेद मानायचे आणि कोणते नाहीत, हा निर्णय भाषेच्या आणि प्रयोजनाच्या जाणिवेतूनच घेता येतो. मराठी पाठांच्या संगणकीय साधनांसाठी तो निर्णय मराठीच्या अभ्यासकांनी लिहून दिला नाही, तर दुसऱ्या भाषेसाठी घेतलेला निर्णय निमूटपणे तिच्यावर लागू होईल, आणि चाचण्यांच्या यादीत त्याची नोंद ‘यशस्वी’ अशीच होईल.