विंडोज ७ वर अर्डुइनो नॅनो

फैजपूर-सावदा पट्ट्यात केळीला ठिबकने पाणी देताना मातीत ओलावा किती आहे हे कळलं, तर मोटर कधी लावायची ते ठरवणं सोपं जातं. त्यासाठी अर्डुइनो नॅनो हा बोटाएवढा बोर्ड आणि ओलाव्याचा सेन्सर पुरतो. अडतं ते घरातल्या जुन्या लॅपटॉपवर. त्यात असते विंडोज ७, जिचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० लाच संपवला. तेवढ्यासाठी नवा लॅपटॉप घेऊ नये.

आधी सॉफ्टवेअर. अर्डुइनोच्या प्रोग्रॅमची २ ने सुरू होणारी आवृत्ती विंडोज १० किंवा पुढचीच मागते. आपण १.८.१९ ही जुनी आवृत्ती घ्यावी. आपल्या कामाला तिच्यात काही कमी पडत नाही.

मग केबल. काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत माहिती नेणाऱ्या तारा नसतात. बोर्डावरचा दिवा मात्र लागतो, म्हणून केबलचा संशयच येत नाही. बोर्ड जोडल्यावर लॅपटॉपने ‘टुडुंग’ आवाज केला नाही, तर पहिल्यांदा केबल बदलावी.

खरी अडचण ड्रायव्हरची. लॅपटॉपला एखाद्या वस्तूशी बोलायला शिकवणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. स्वस्त नॅनोवर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० ही चिप असते. तिच्या ड्रायव्हरच्या फाइलीच्या नावात ३४१ दिसतं. तीच बरोबर फाइल. ड्रायव्हर टाकून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावं. तिथे ‘पोर्ट्स’खाली सीएच३४० आणि पुढे कॉम३ किंवा कॉम४ असं दिसलं की काम झालं.

पिवळं चिन्ह आलं आणि त्यात ‘कोड ५२’ असेल, तर बोर्डाला दोष देऊ नये. नव्या ड्रायव्हरवरची डिजिटल सही, म्हणजे फाइल खरी असल्याची खूण, जुन्या विंडोज ७ ला ओळखता येत नाही. ६४ बिटच्या विंडोजवर केबी३०३३९२९ हा अपडेट टाकून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. सही तपासणंच बंद करा, असा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नये. आणि या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहारही करू नयेत.

आता ‘टूल्स’मध्ये बोर्ड नॅनो निवडावा आणि मघाचाच पोर्ट. प्रोग्रॅम चढवताना ‘नॉट इन सिंक’ आलं, तर ‘प्रोसेसर’मध्ये ‘ओल्ड बूटलोडर’ निवडावं. बूटलोडर म्हणजे नवा प्रोग्रॅम आत घेणारा, चिपमध्ये आधीच भरलेला प्रोग्रॅम. स्वस्त बोर्डांवर तो अनेकदा जुनाच असतो आणि कमी वेगाने बोलतो. तरीही जमलं नाही, तर ० आणि १ या पिनांना जोडलेल्या तारा काढाव्यात. प्रोग्रॅम त्याच वाटेने आत जातो.

सेन्सर शक्यतो कपॅसिटिव्ह घ्यावा. उघड्या धातूच्या दोन दांड्यांचा सेन्सर ओल्या मातीत लवकर गंजतो. कपॅसिटिव्हची तार ए० ला जोडली की ‘सिरियल मॉनिटर’मध्ये आकडे येतात, माती ओली होते तसा आकडा उतरतो. दुसऱ्याचे आकडे उसने घेऊ नयेत. आपल्याच बागेतल्या कोरड्या मातीत एकदा आणि ठिबक बंद केल्यावर लगेच एकदा आकडा लिहून घ्यावा, आणि मोटर लावायची खूण त्या दोहोंच्या मध्ये ठरवावी.