किल्ल्यातली चाळ

नगरच्या भुईकोट किल्ल्याचं नाव निघालं की बोलणं चांदबिबीवर जातं, नाहीतर खंदकावर आणि बुरुजांवर. आत शिरलेला माणूसही नेहरूंची खोली कोणती, एवढं विचारून मोकळा होतो. ती खोली ज्या इमारतीत आहे, तिच्याकडे कुणी धड बघत नाही. दिसायला ती साधी लष्करी बराक, हे खरंच. पण ९ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीचे नेते अटक करून इथे आणले गेले, आणि पुढचे अडीच-पावणेतीन वर्षांचे त्यांचे दिवस बरेचसे या बांधणीनेच घडवले.

त्यांच्यातल्याच मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’ या आपल्या पत्रसंग्रहात या बराकीचा जणू आराखडाच दिलाय. सुमारे दोनशे फूट लांब, दीडशे फूट रुंद अंगण, तीन बाजूंना खोल्यांच्या रांगा आणि पुढे व्हरांडा. आपली चाळच की! इंग्लंडमधल्या कामगारांच्या विटांच्या घरांनाही भिंतीला भिंत असते, पण तिथे ज्याचं त्याचं दार रस्त्यावर उघडतं. इथे उंबरा ओलांडला की शेजारी समोर, आणि शेजारी म्हणजे वल्लभभाई, गोविंदवल्लभ पंत, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. ‘भारताचा शोध’ नेहरूंनी १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत इथेच लिहून काढला. सोबत्यांशी झालेल्या चर्चांचं ऋण त्यांनी प्रस्तावनेत मानलंय. एकेकट्या कोठडीत ठेवलं असतं, तर त्या चर्चा कुठून व्हायच्या?

माझ्या मते खरी गंमत छतात आहे. खोल्या एकोणिसाव्या शतकातल्या धाटणीच्या: लाकडी तुळया, आणि तुळयांच्या आधाराला कमानी. त्यामुळे जागोजागी आयते कोनाडे तयार झाले आणि चिमण्यांनी तिथे संसार थाटले. वरून काड्या-कचरा पडू लागल्यावर आझादांनी आधी छत्री उगारली, मग बांबू. चिमण्या हटेनात. शेवटी मौलानांनीच तह केला आणि तांदूळ टाकायला सुरुवात केली. होता होता त्या तळहातावरचे दाणे टिपू लागल्या. सपाट स्लॅबच्या खोलीत हे प्रकरण घडलंच नसतं.

अंगण उजाड होतं, जमीन मुरमाड. नेहरू तिथे बाग करायला कुदळ घेऊन उतरले. खणताना जुन्या भिंती, घुमटांचे माथे लागत. एकदा तर भिंतीत कोरलेलं कमळ निघालं, बहुधा एखाद्या दरवाजावरचं. म्हणजे निजामशाहीच्या किल्ल्यातली ही बराक आणखी जुन्या बांधकामांच्या डोक्यावर बसली होती. खाली काय आहे ते बघण्याची नेहरूंना उत्सुकता होती. पण कैद्यांनी खोल खणलेलं कुठल्या तुरुंगाला चालेल? परवानगी मिळाली नाही.