तोगाकुशी : देवळापेक्षा वाट मोठी

जपानमधल्या नागानो शहरातून बसने तासाभराचा घाट चढला की तोगाकुशी येतं. इथल्या डोंगराची एक आख्यायिका आहे. सूर्यदेवी आमातेरासू रुसून गुहेत जाऊन बसली, जग अंधारलं. बाकीच्या देवांनी बाहेर नाचगाण्याचा गलका केला. काय चाललंय म्हणून ती डोकावली, तोच एका बलदंड देवाने गुहेच्या तोंडावरची शिळा उचलून भिरकावली. ती इथे येऊन पडली आणि तिचाच हा डोंगर झाला. शिळा फेकणारा देव सर्वांत वरच्या ‘ओकुशा’ देवळात आहे, तर गुहेबाहेर नाचलेली देवी खालच्या एका लहानशा देवळात. अशी एकूण पाच देवळं.

ओकुशाची वाट सुमारे दोन किलोमीटरची, सरळसोट. तोरीखालून, म्हणजे देवळाच्या कमानीखालून, जाताना किंचित वाकायचं आणि कडेने चालायचं. मधला भाग देवाचा. अर्ध्यावर गवताने शाकारलेला, लाल रंगाचा झुइशिनमोन दरवाजा लागतो. पूर्वी इथे बौद्ध आणि शिंतो उपासना एकत्र नांदत होती. १८६८ नंतर मेइजी सरकारने त्यांची फारकत केली आणि दरवाजातले बौद्ध द्वारपालही गेले. दरवाजापलीकडे सुगी वृक्षांची दुतर्फा रांग सुरू होते. झाडं सुमारे चारशे वर्षांची, बुंध्यांना साल उभ्या चिरांची, लालसर. दुपारीही खाली ऊन कवडशांपुरतंच. देवराईत वाढलेल्याला इथे दबकून बोलायला सांगावं लागत नाही.

बरेच जण इथे फोटो काढून परततात. पुढे पायऱ्यांचा दमवणारा चढ आहे आणि वर देऊळ काँक्रीटचं. जुनं कोसळलेल्या हिमकड्याखाली गेलं होतं. खरं सांगायचं तर ते साधंच आहे. पण शेजारी नऊ तोंडांच्या नागदेवाचं, कुझुर्यूचं, ठाणं आहे. तो पाण्याचा देव. दात दुखले की लोक पेर खाणं सोडून त्याला नवस बोलत. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या, पुन्हा एकदा वाकायचं, एवढीच पूजा.

उतरल्यावर सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, खा. ताज्या शेवया पाणी न निथळता बांबूच्या चाळणीत लहान लहान गुंडाळ्यांनी मांडून देतात. हिवाळ्यात ओकुशा बर्फामुळे बंद असतं, तेव्हा मे ते ऑक्टोबरमध्ये जा आणि सकाळची पहिली बस धरा.